जुनी बाइक घेतली? धंद्याची पहिली फेरी मारण्याआधी एवढं तपासा



घरगुती डबे, केक, इस्त्रीचे कपडे, आरओ फिल्टरची सर्व्हिस, पार्सल पोहोचवणं. ठाकुर्लीसारख्या ठिकाणी यातलं काहीही सुरू करा, पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक गोष्ट लागतेच, ती म्हणजे बाइक. चोळेगावातून नव्वद फुटी रस्त्याला, तिथून खंबाळपाड्याला, मग समांतर रस्त्याने कल्याण किंवा डोंबिवली. एवढं फिरायचं तर प्रत्येक फेरीला रिक्षा परवडत नाही. नवी बाइक घ्यायची तर हप्ता मागे लागतो. म्हणून बरेच जण जुनी बाइक घेतात आणि तो निर्णय चांगलाच आहे.

पण गाडी घेताना जेवढी घासाघीस होते, तेवढं लक्ष घेतल्यानंतर कोणी देत नाही. चावी हातात आली, पेढे वाटले, हार घातला आणि दुसऱ्या दिवशी मागे पंचवीस डबे बांधून निघाले! इथेच गडबड होते. मागच्या मालकाने ऑइल कधी बदललं, ब्रेक शेवटचे कधी उघडले, गाडी पुराच्या पाण्यात उभी होती का, यातलं तुम्हाला काहीच माहीत नसतं. विकणारा खोटंच बोलतो असं नाही, पण त्यालाही बहुतेक वेळा आठवत नसतं.

व्हिडिओमध्ये वेळेअभावी मुद्दे भराभर सांगितले. इथे प्रत्येक तपासणी का करायची आणि कशी करायची ते सविस्तर बघू.

आधी पैशाचं बोलू

समजा तुम्ही ४०,००० रुपयांना बाइक घेताय. तुमचं बजेटही ४०,०००च असेल तर ती गाडी तुम्हाला परवडत नाही, हे लक्षात ठेवा. माझा सल्ला असा की किमतीच्या साधारण १५ टक्के रक्कम पहिल्या महिन्याच्या कामासाठी वेगळी ठेवा. म्हणजे इथे ६,००० रुपये. बजेट ४०,००० असेल तर गाडी ३४-३५ हजारांची बघा.

आता दुसरी बाजू. तुमचे रोजचे २५ डबे आहेत, ९० रुपयांचा एक. एक दिवस गाडी बंद पडली तर २,२५० रुपयांचा गल्ला गेला, आणि शिजवलेलं अन्न वाया गेलं ते वेगळंच. दोनदा डबा चुकला की गिऱ्हाईक तिसऱ्यांदा फोन उचलत नाही. काही शे रुपयांच्या ब्रेक शूसाठी हे कोण ओढवून घेईल? आणि ब्रेक लागले नाहीत तर नुकसान गल्ल्यापुरतं राहत नाही. म्हणून क्रम पक्का ठेवा. आधी जीव वाचवणारे भाग, मग इंजिन वाचवणारे, आणि सगळ्यात शेवटी दिसण्याचं काम. स्टिकर, सीट कव्हर, पॉलिश या गोष्टी दुसऱ्या महिन्यात.

पहिला दिवस : कागद आणि नंबर

हे मेंटेनन्स नाही असं वाटेल, पण गाडी रस्त्यावर आणायची तर हाही तिचाच भाग आहे.

आरसी बुकवरचा इंजिन नंबर आणि चॅसिस नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरशी स्वतः जुळवून बघा. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर व्यवहार तिथेच थांबवा. आरसीवरची नोंदणीची तारीखही बघा. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर नूतनीकरण करावं लागतं. गाडीवर कर्ज होतं का, तेही आरसीवर दिसतं. बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवा.

नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. आपल्या भागातल्या गाड्या बहुधा एमएच ०५ म्हणजे कल्याण आरटीओच्या असतात. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. "नंतर बघू" असं म्हणू नका. जुनी ई-चलनं बाकी आहेत का तेही तपासून घ्या, नाहीतर दुसऱ्याचा दंड तुमच्या गळ्यात पडतो.

विम्याचंही तसंच. पॉलिसी आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही. आणि एक गोष्ट उद्योजकांनी विसरायची नाही. पॉलिसीत "वापराच्या मर्यादा" लिहिलेल्या असतात. तुम्ही गाडी धंद्यासाठी वापरणार आहात हे कंपनीला आधीच सांगा आणि उत्तर लेखी घ्या. अपघातानंतर हा प्रश्न निघाला तर महागात पडतं.

पीयूसी चालू आहे ना, १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे ना, हेही त्याच दिवशी बघून टाका.

माल बांधण्याआधी : ब्रेक, टायर, हँडल, दिवे

ब्रेक. आपल्याकडच्या कम्यूटर बाइकना बहुतेक वेळा मागे ड्रम ब्रेक असतो. ड्रमच्या प्लेटवर एक छोटा बाण आणि एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण त्या खुणेला लागला, की ब्रेक शू संपले. मग नट आवळून काम भागवू नका, शू बदला. ब्रेक पेडलला साधारण २ ते ३ सेंटिमीटर मोकळी हालचाल हवी. त्याहून जास्त असेल तर ब्रेक उशिरा लागतो. अगदीच नसेल तर ब्रेक सतत घासतो, ड्रम तापतो आणि ॲव्हरेज पडतं. पुढच्या ब्रेकची केबल टोकाशी उसवली आहे का ते बघा. एक तार जरी तुटलेली दिसली तरी केबल बदला.

पुढे डिस्क असेल तर पॅडची जाडी आणि ब्रेक ऑइल बघा. ऑइल काळपट झालं असेल तर बदला. ते हवेतला ओलावा शोषून घेतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. कोणतं ऑइल, डॉट ३ की डॉट ४, हे झाकणावरच लिहिलेलं असतं.

टायर. नक्षी दिसते म्हणून टायर चांगला असं नसतं. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा कोड असतो. समजा २३१९ आहे, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. बाजूच्या रबराला बारीक तडे गेले असतील तर नक्षी असूनही तो टायर पावसात धोका देतो. दुचाकीच्या टायरची नक्षी ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी असू नये असा नियम आहे. पण कायद्याच्या शेवटच्या रेघेपर्यंत वाट बघू नका. टायरच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला येत चालली की नवा टायर घ्या.

हवेचं प्रेशर चेन कव्हरवरच्या किंवा स्विंग आर्मवरच्या स्टिकरवर दिलेलं असतं. तिथे दोन आकडे असतात, एकटा चालक आणि मागे माणूस. मागे डब्यांची क्रेट बांधणार असाल तर मागच्या टायरला दुसरा आकडा धरा. आणि हवा टायर थंड असताना भरा.

हँडल आणि चाकं. गाडी मधल्या स्टँडवर घ्या आणि पुढचं चाक हवेत राहील असं कोणालातरी मागून दाबायला सांगा. हँडल हळूच डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट गेला. मग पुढच्या फोर्कचे खालचे टोक धरून पुढे-मागे हलवा. टकटक जाणवली तर कोनसेट ढिला आहे. आपल्याकडच्या खड्ड्यांमुळे हा भाग लवकर जातो आणि रिकाम्या गाडीवर तो कळतही नाही. मागे वजन आलं की हँडल डुलायला लागतं.

चाक हातात धरून बाजूला हलवा. हललं तर बेअरिंग बघायला हवं. चाक फिरवून रिम आउट आहे का बघा. स्पोक असतील तर पान्याने हळूच वाजवत जा. ज्याचा आवाज बसका येतो तो ढिला. फोर्कच्या दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला तर ऑइल सील गेलं.

दिवे. हेडलाइट, ब्रेक लाइट, चारही इंडिकेटर आणि हॉर्न. ब्रेक लाइट पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही ब्रेकवर लागतो का, ते वेगवेगळं तपासा. रात्रीचे डबे पोहोचवताना मागून येणाऱ्याला तेवढा एक दिवाच सांगतो की तुम्ही थांबताय.

इंजिन : सुरुवात शून्यापासून करा

विकणारा म्हणाला, "मागच्याच महिन्यात ऑइल बदललंय." त्याला छान म्हणा आणि तरीही बदला. कारण कोणतं ऑइल टाकलं, किती टाकलं, हे माहीत नाही. आणि जुनं ऑइल बाहेर आल्यावर बरंच काही सांगतं. नुसतं काळं असेल तर घाबरू नका. दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. त्यात चमकदार धातूचे कण दिसले तर इंजिन किंवा गिअर बॉक्समध्ये झीज आहे. म्हणून ऑइल बदलताना गॅरेजमध्ये स्वतः उभे राहा आणि ते पांढऱ्या भांड्यात काढायला सांगा.

नवं ऑइल कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच घ्या. कारचं ऑइल बाइकमध्ये टाकू नका. बहुतेक बाइकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि कारच्या काही ऑइलमुळे तो घसरतो. बाटलीवर "जॅसो एमए" किंवा "एमए २" अशी खूण हवी.

इथे ठाकुर्लीवाल्यांसाठी खास मुद्दा. आपल्या फेऱ्या छोट्या, दोन-तीन किलोमीटरच्या. इंजिन पुरतं गरम होण्याआधीच गाडी बंद होते, आतला ओलावा उडत नाही आणि ऑइल लवकर खराब होतं. म्हणून पुस्तकात दिलेल्या अंतराची वाट न बघता ते थोडं आधी बदला.

गाडी रात्रभर उभी असताना सकाळची पहिली किक मारा आणि सायलेन्सरकडे बघा. थंडीच्या दिवसांत जरा पांढरी वाफ येऊन थांबली तर ठीक. निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय. अशी गाडी लगेच उघडायची घाई नको. पण दर आठवड्याला डिपस्टिकवर ऑइल मोजा आणि इंजिन कामासाठी पैसे जमवायला लागा.

एअर फिल्टर काढून बघा. काही गाड्यांत तेलकट कागदाचा फिल्टर असतो, तो हवा मारून साफ करत नाहीत, बदलतात. स्पार्क प्लगसुद्धा नवा टाका. जुना चांगला निघाला तर टूल बॉक्समध्ये राहू दे, कधीतरी उपयोगी पडतो. पेट्रोलचा रबरी पाइप वाकवून बघा, तडे दिसले तर बदला. हल्ली पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाड्यांचे रबरी भाग त्याचा विचार करून बनवलेले नव्हते.

गाडी एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस ६ असेल तर चावी फिरवल्यावर मीटरवर इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी चालू झाल्यावर विझला पाहिजे. विझला नाही तर बिघाड आहे. पण चावी फिरवल्यावर लागलाच नाही तर जास्त सावध व्हा, कोणीतरी तो बंद करून ठेवलेला असू शकतो.

बॅटरीसाठी साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी काही तास बंद असताना १२.५ व्होल्टच्या आसपास, आणि इंजिन चालू करून थोडा रेस दिल्यावर १३.५ ते १४.५ च्या मध्ये आकडा यावा. चालू गाडीत आकडा वाढत नसेल तर बॅटरी बदलून काही होणार नाही, चार्जिंगचं काम आहे.

चेन : सगळ्यात दुर्लक्षित भाग

खालच्या बाजूची चेन मधोमध बोटाने वर-खाली करा. कम्यूटर बाइकला साधारण २ ते ३ सेंटिमीटर झोल असावा, नेमका आकडा पुस्तकात बघा. चाक थोडं-थोडं फिरवून चार ठिकाणी मोजा. एका जागी घट्ट आणि दुसरीकडे ढिली लागली तर चेन असमान ताणली गेली आहे. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन मागे ओढून बघा. दात अर्धाअधिक उघडा पडला, किंवा दात एका बाजूला वाकून टोकदार झाले असतील तर पूर्ण किट बदला. नुसती चेन बदलली तर जुने दात नवी चेनही खातात.

पावसाचं पाणी पाहिलेली गाडी

२६ जुलै २००५ चा पूर आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही. जुलै २०१९ मध्येही उल्हास नदीने कल्याण-बदलापूर पट्ट्यात पाणी घुसवलं होतं. त्यामुळे या भागातली जुनी गाडी पाण्यात बुडून आलेली नाही ना, हे बघायलाच हवं.

सीट काढा. खालच्या कोपऱ्यांत, बॅटरीच्या डब्यात वाळलेली गाळाची रेघ दिसते का? वायरिंगचे कपलर सोडवून बघा, आत हिरवट थर आहे का? हेडलाइटच्या किंवा मीटरच्या काचेत आतून डाग आहेत का? अशी गाडी आज सुरू होते आणि पहिल्या जोरदार पावसात बंद पडते. गाडी आधीच घेतली असेल तर सगळे कपलर साफ करून घ्या आणि इंजिन ऑइल थोड्या दिवसांनी पुन्हा एकदा बदला.

मेकॅनिकशी बोलायचं कसं?

"भाऊ, जरा सगळं बघून घ्या" असं म्हणालात की बिल कितीही येऊ शकतं. तुम्ही धंदेवाले आहात, तसंच बोला. वर सांगितलेली यादी कागदावर लिहून न्या. आधी तपासणी आणि अंदाज, मग तुमचा होकार, मग काम. बदललेले जुने पार्ट परत मागा. यात अविश्वास नाही, आपण काय बदललं ते आपल्याला कळतं. आणि चालणारं इंजिन "एकदा उघडून बघू" म्हणून उघडायला देऊ नका. कारण विचारा, कारण पटलं तरच होकार द्या.

चांगला मेकॅनिक सापडला तर त्याचे पैसे वेळेवर द्या. सकाळी आठला गाडी अडली की तोच धावून येणार आहे.

वही ठेवा, तरच गाडी धंद्याची

एका वहीत तारीख, मीटरचं रीडिंग, पेट्रोल आणि खर्च लिहा. एवढंच.

हिशोब बघा. रोज ३० किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ७८० किलोमीटर. ॲव्हरेज ५० आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर महिन्याला १,६३८ रुपये. ढिली चेन, कमी हवा, घासणारा ब्रेक यांनी ॲव्हरेज ४२ वर आलं तर तोच खर्च १,९५० होतो. महिन्याला ३१२, वर्षाला ३,७४४ रुपये. वहीत लिहिलं नाही तर हे पैसे कुठे गेले ते कळणारही नाही.

आता पूर्ण खर्च काढू. पेट्रोल १,६३८. गाडी ४० हजारांची आणि तीन वर्षांनी २२ हजारांना विकली असं धरलं, तर महिन्याची घट ५००. सर्व्हिस, टायर, पार्टसाठी ६०० बाजूला. विमा आणि पीयूसीचे १५०. एकूण २,८८८ रुपये. महिन्याचे ६५० डबे असतील तर एका डब्यामागे जवळपास साडेचार रुपये नुसत्या गाडीचे. डब्याचा दर ठरवताना हे धरले होते का? बहुतेक जण फक्त पेट्रोल धरतात आणि मग वर्षअखेरीला म्हणतात, "धंदा तर होतो, पण हातात काही उरत नाही."

रोजचं, आठवड्याचं, महिन्याचं

रोज निघण्याआधी दोन मिनिटं : दोन्ही ब्रेक दाबून बघा, टायरकडे नजर टाका, दिवे-हॉर्न, आणि गाडी उभी होती तिथे जमिनीवर तेल सांडलंय का.

आठवड्यातून एकदा : हवा, डिपस्टिकवर ऑइल, चेनचा झोल. चेनला तेल द्या. पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी द्या.

महिन्यातून एकदा : ब्रेकची खूण, केबल, कॅरिअरचे आणि क्रेटचे नट-बोल्ट, बॅटरीचे टर्मिनल, आणि वहीतला महिन्याचा हिशोब.

कामाला माणूस ठेवला असेल आणि गाडी तोच चालवत असेल, तर ही यादी छापून गाडीच्या जागी भिंतीला लावा आणि वही त्याच्याकडे द्या. मात्र आठवड्यातून एकदा स्वतः गाडी चालवून बघा. रोज चालवणाऱ्याला हळूहळू कमी होणारा ब्रेक जाणवत नाही, मालकाला लगेच जाणवतो.

ज्यांनी आधीच जुनी गाडी घेतली आहे त्यांनी आज संध्याकाळी एकच काम करा. गाडी मधल्या स्टँडवर लावा, मागचा ब्रेक पूर्ण दाबा आणि तो बाण कुठे येतो ते बघा. खुणेला टेकला असेल तर उद्याचे डबे निघण्याआधी गॅरेज गाठा. बाकीची यादी या रविवारी.